चंद्रावर राहिलेली माणसं

काचेपलीकडून हात वर आला की आम्ही ओळखायचो, आता अर्धा तास गेला. बुवा एका कानावरचा हेडफोन मागं सरकवायचे, माइकपासून पाऊलभर दूर व्हायचे आणि म्हणायचे, "थांबा. इथं गळती आहे."

गळती म्हणजे कथेतलं भोक. मागच्या भागात ज्या यानाचं इंजिन जळून कोळसा झालं ते या भागात आरामात उडतंय, दाराला आतून कुलूप असूनही खलनायक खोलीत उभा आहे, अशा गोष्टी. इंग्रजीत याला प्लॉट होल म्हणतात, असं मी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गळतीच म्हणत राहिले. भोक निदान दिसतं, त्यांचं म्हणणं; गळती कुठून होते ते दिसत नाही, फक्त खालच्या माणसाच्या छताला डाग उमटतो. घाटकोपरला भटवाडीत ते गच्चीच्या बरोबर खाली राहायचे, तेव्हा या विषयात त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहिते. लोकांना वाटतं, म्हणजे शब्दकोश घेऊन बसत असेल. आमच्या कामात अर्थ नंतर आणि ओठ आधी. पडद्यावरच्या माणसाचं तोंड जिथं मिटतं तिथं आपलं वाक्य संपलंच पाहिजे, मग त्यासाठी चांगल्या शब्दाचा बळी गेला तरी बेहत्तर. अंधेरीत मरोळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात आमचा स्टुडिओ होता. खाली पुठ्ठ्याची खोकी बनायची आणि वर आम्ही. खोक्यांचं मशीन घरघरायला लागलं की रेकॉर्डिंग बंद ठेवून चहा मागवायचा, असा रिवाज होता.

त्या गाळ्यात बुवा तीन सीझन एका अंतराळयानाचे कप्तान होते. म्हणजे कप्तानाचा मराठी आवाज होते. खरा कप्तान सहा फुटी, रुंद खांद्यांचा, सोनेरी दाढीचा. आमचे बुवा लहान चणीचे, सावळे, शर्टाच्या खिशात कायम लवंगांची डबी. भटवाडीच्या भजनी मंडळात गायचे म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणत. उमेदीच्या काळात कामगारांच्या नाटकांतून कामं केलेली, पुढं जाहिरातींना, कार्टूनमधल्या वाघांना आणि एका बोलक्या ट्रॅक्टरला आवाज दिलेला. पण त्या देहातून तो आवाज निघाला की नवखा माणूस मागं कोण उभं आहे ते बघायचा. एकदा मेट्रोत एक मुलगा म्हाताऱ्या बाईंसमोर पाय पसरून बसला होता. बुवा त्याच्याकडं न बघताच कप्तानाच्या आवाजात म्हणाले, "जागा सोड." पोरगा उठला तो थेट पुढच्या डब्यात गेला.

माझं आणि त्यांचं जमलं ते या मेट्रोमुळं. मी मुलुंडची, त्यामुळं घाटकोपरपर्यंत आमचा रस्ता एकच. आमचा रेकॉर्डिस्ट जिग्नेशही घाटकोपरचा. चाळिशी ओलांडलेला, शांत माणूस, दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ऐकून स्वतः बोलायला विसरलेला. आम्ही तिघं संध्याकाळी एका कोपऱ्यात उभे राहायचो आणि मरोळ नाका मागं पडायच्या आत भांडण सुरू झालेलं असायचं. शेजारच्यांना वाटायचं, यांच्या नातेवाइकांत काहीतरी मोठं घडलंय. कोणी कोणाला यानाबाहेर ढकललं आणि का, हे आम्ही तितक्याच जिव्हाळ्यानं बोलायचो.

बुवांचे आक्षेप शास्त्रीय नसत, संसारी असत. यानावर हल्ला झाला की दिवे जातात, हवा जाते, रेडिओ जातो, पण गुरुत्वाकर्षण काही जात नाही, सगळे जमिनीवर घट्ट उभे. "आमच्या सोसायटीची लिफ्ट यांच्याकडून बसवून घेऊया," ते म्हणायचे. कप्तान तीन वर्षं एकच गणवेश घालतो, तो धुतो कुठं आणि वाळत कुठं घालतो, हा त्यांचा आवडता प्रश्न होता. एका भागात कप्तान अनोळखी ग्रहावर उतरतो, एकदा हवा हुंगतो आणि शिरस्त्राण काढतो. त्यावर बुवांनी बूथमध्ये अक्षरशः संप पुकारला. वारा देवनारच्या कचराडेपोकडून आला तर आम्ही खिडक्या लावतो, आणि हा दुसऱ्या ग्रहावर नाक उघडं टाकतो, हे वाक्य मी म्हणणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दीक्षित मॅडम डबिंगच्या दिग्दर्शिका होत्या, फार बोलायच्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की बुवा, खालचं मशीन आत्ता बंद आहे. बुवांनी वाक्य म्हटलं.

पात्रांच्या वागण्यावरून तर आमच्यात कायमचे तट पडले होते. साथीच्या रोगात यानाची तंत्रज्ञ बाई आपल्या आजारी नवऱ्यासाठी बंद दार उघडते आणि अर्धं यान आजारी पडतं. मी म्हणायचे, मूर्ख बाई. जिग्नेश म्हणायचा, प्रेम असेल तर माणूस दार उघडतोच. बुवांचं मत असं की उघडायला हरकत नाही, पण मास्क लावून उघडावं. मी भांडखोर आहे, माझं खरं करून घेतल्याशिवाय मला घास जात नाही. तरी बुवांशी हरताना मला मजा यायची, आणि हे मी तेव्हा त्यांना कधी कळू दिलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. पहिल्या सीझनच्या शेवटी एका चंद्रावर वस्ती करून राहिलेल्या कुटुंबांची हवा संपत आलेली असते. यानात सगळ्यांना जागा नाही. कप्तान त्यांच्यापुढं उभा राहतो आणि म्हणतो, "इथंच थांबा. मी परत येईन."

एवढंच वाक्य. पण बुवांनी ते असं म्हटलं की दीक्षित मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या आवाजात शंकेला जागाच नव्हती. घरातला कर्ता माणूस बाजारात जाताना सांगतो ना, तसं ते साधं आणि पक्कं होतं. दुसरा टेक घेतलाच नाही. पुढं स्टुडिओत कोणी मोठं गिऱ्हाईक आलं की जिग्नेश नमुना म्हणून तेच वाक्य ऐकवायचा.

आणि मग दुसऱ्या सीझनभर कप्तान चंद्रावर गेलाच नाही. तो बर्फाच्या ग्रहावर गेला, बाजाराच्या ग्रहावर गेला, एका लग्नालासुद्धा गेला. बुवांचा हात दर भागात वर यायचा. चंद्रावरच्या माणसांचं काय झालं? लिहिणारे विसरले का? मी सांगायचे, बुवा, परदेशातले लेखक आहेत, मोठी टीम असते त्यांची, विसरणार नाहीत. ते मान हलवायचे. ही मालिकेतली सगळ्यात मोठी गळती आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांचा कप्तानावर मात्र विश्वास होता. जिग्नेशनं एकदा सुचवलं की कप्तानाला जायचंच नसेल. बुवा भर गाडीत त्याच्याकडं वळले. "तो बोललाय," ते म्हणाले. "मी बोललोय ते वाक्य. मला माहीत आहे तो कसा बोललाय."

तिसऱ्या सीझनच्या संहिता आल्या आणि मी घरी वाचायला बसले. शेवटून दुसऱ्या भागात चंद्रावरची एक बाई कप्तानाला भेटते. तेवढी एकटीच जगलेली. ती विचारते, आम्ही वाट बघत होतो, तू का आला नाहीस? कप्तान सांगतो की परत येण्याइतकं इंधन नव्हतंच. मी परत येणार नाही हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तुम्ही शांतपणे थांबावं म्हणून बोललो.

म्हणजे तो खोटं बोलला होता. मूळ मालिकेत तसंच होतं, पहिल्या सीझनपासून. लेखक काही विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बुवांना स्टुडिओत हे सांगितलं. त्यांनी जिग्नेशला पहिल्या सीझनचा तो भाग लावायला सांगितला, प्रेक्षकांना दिसतो तसा, पूर्ण चित्राचा. हे का ते सांगायला हवं. आम्हाला डबिंगला जे चित्र येतं ते कथा बाहेर फुटू नये म्हणून झाकलेलं असतं. सगळा पडदा काळा आणि बोलणाऱ्याच्या तोंडापुरता एक गोल उघडा. त्या गोलात हलणाऱ्या ओठांवर बुवा तीन वर्षं बोलत होते; यान, गणवेश, हाणामारी हे सगळं संहितेतल्या त्रोटक सूचनांवरून कळायचं. घरी ते ही मालिका बघत नसत. दिवसभर ज्याच्या तोंडात आपण बोलायचं त्याला संध्याकाळी परत कशाला भेटायचं, म्हणायचे.

चित्र सुरू झालं. कप्तान चंद्रावरच्या माणसांसमोर उभा राहिला. ओठ आम्हाला पाठ होते. पण "इथंच थांबा" म्हणून झाल्यावर त्यानं समोरच्या लहान मुलीवरून नजर काढली आणि जमिनीकडं बघितलं. क्षणभरच. मग परत वर बघून म्हणाला, मी परत येईन. खोटेपणा सगळा डोळ्यांत होता आणि आम्हाला फक्त तोंड दिसलं होतं.

बुवा खुर्चीवर बसले. "ही गळती त्यांची नाही, बाय," ते मला म्हणाले. "ही आपण पाडली."

मी त्यांची समजूत काढायला बघितली. प्रेक्षकांच्या लक्षातही येणार नाही, तीन वर्षांपूर्वीचं वाक्य कोणाला आठवतंय, वगैरे. ते ऐकत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. मराठी कप्तान पहिल्या सीझनमध्ये मनापासून बोलतो आणि तिसऱ्यात म्हणतो, खोटं बोललो होतो. दोन्ही खरं असू शकत नाही. आपल्या आवाजानं एका माणसाचं चरित्र मोडलंय आणि ते आपणच नीट केलं पाहिजे. ते एक वाक्य परत रेकॉर्ड करून द्या, अशी त्यांनी मॅडमना विनंती केली. मॅडमनी वर विचारलं. प्रसारित झालेल्या भागाला हात लावत नाहीत, असं उत्तर आलं. बुवांनी स्वतः फोन केला, मग आणखी कोणाला तरी केला. इतका स्वाभिमानी माणूस कुणाकुणाला विनवत होता ते मला बघवत नव्हतं.

त्या संध्याकाळी जिग्नेश आला नव्हता. घाटकोपरला उतरल्यावर बुवा पुलावर न जाता फलाटावरच्या बाकावर बसले, म्हणून मीही बसले. त्यांनी लवंग तोंडात टाकली आणि मला त्यांच्या आईबद्दल सांगितलं.

गिरण्या बंद पडल्यावर त्यांचे आईवडील गावी गेले, मालवणजवळ. बुवा नाटकापायी मुंबईत राहिले, धाकटी बहीण त्यांच्याजवळ. एकदा आई डोळे दाखवायला मुंबईला आली होती. परत जाताना कुर्ल्याच्या एसटी स्टँडवर तिनं विचारलं, शिमग्याला येशील ना, झिला? हे म्हणाले, येतो. ते गेले नाहीत. पुढच्या गणपतीपर्यंत आई राहिली नाही.

"मला तेव्हाच ठाऊक होतं गं, मी जाणार नाही," ते म्हणाले. "तोंडदेखलं बोललो. ती एसटीच्या खिडकीत आणि मी खाली. माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो. तोच इथं लावायला हवा होता. तयार होता माझ्याकडं. मला डोळे दिसले असते तर लावला असता."

मी म्हटलं, चहा घेऊ. ते म्हणाले, नको, आणि लवंगांची डबी माझ्यापुढं धरली.

कबुलीच्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग आलं. बुवा लवकर येऊन माझ्यासाठी थांबले होते. एक वाक्य बदल, त्यांचं म्हणणं. 'मला त्याच दिवशी माहीत होतं' ऐवजी 'मला त्या दिवशी कळायला हवं होतं' असं कर. ओठांत बसतं, मी मोजून बघितलंय. एवढं केलं की पहिलं वाक्यही खरं राहतं आणि हेही. बसत होतं, हे मलाही मान्य होतं. पण मी नाही म्हटलं. मूळ माणूस खोटारडा आहे आणि तो मराठीत आला म्हणून सुधारणार नाही, मी म्हटलं. दुसऱ्याच्या पात्राला सोयीनं चांगलं करणं हे आमचं काम नव्हे. आजही माझं मत तेच आहे.

"मग मी काय करू, बाय?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

पहिला टेक त्यांनी कसबी केला. थंड, हिशेबी माणूस, आपल्या लबाडीची कबुली देणारा. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. बुवांनीच मान हलवली, नाही. दुसरा टेक रडवेला झाला, तो त्यांनीच मध्ये तोडला. खाली मशीन सुरू झालं, आम्ही चहा प्यायलो. बुवा बूथच्या बाहेर आलेच नाहीत. आतल्या स्टुलावर बसून ते काळ्या पडद्यातल्या त्या बंद तोंडाकडं बघत होते.

मशीन थांबलं. जिग्नेशनं हात केला. बुवा म्हणाले, "मी परत येणार नाही हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

शब्द माझेच होते, एकही अक्षर इकडंतिकडं नाही. पण ऐकणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवता येत नव्हता. हा माणूस स्वतःवर आरोप ठेवत होता आणि घाईनं शिक्षाही सांगून टाकत होता, मध्ये कोणी त्याची बाजू घेऊ नये म्हणून. त्या दिवशी तो मनापासून बोलला होता, नंतर त्याला जमलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्याचं त्यालाच ते खरं वाटेनासं झालं होतं. सगळं त्या एका वाक्यात ऐकू येत होतं. जिग्नेश बटण दाबायचं विसरला. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की हाच ठेवू.

मेट्रोत मी विचारलं, काय केलंत? बुवा खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, काही नाही. "माणसाला स्वतःला खोटारडा म्हणवून घेणं सोपं पडतं. 'मला जायचं होतं आणि मी गेलो नाही,' हे म्हणवत नाही. कप्तानाचं तसं असेल, म्हटलं."

त्यांना कळलं होतं का, ते कोणाबद्दल बोलत होते? मला त्या वेळी फार वाटलं विचारावं. पण ते कप्तानाबद्दलच बोलत होते, अगदी तन्मयतेनं, आणि लगेच त्यांनी यानातल्या इंधनाचा विषय काढला. इंधन नव्हतं तर मग हे लग्नाला कसे गेले, हा त्यांचा नवा आक्षेप होता. मी तावातावानं उत्तर दिलं. घाटकोपर आलं.

तो सीझन लोकांना बघायला मिळायच्या आधीच बुवा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. जिग्नेशचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुठल्या मालिकेतल्या एका डिटेक्टिव्हला मराठीत धमक्या देत होते. स्मशानात भजनी मंडळ होतं, त्यांनी अभंग म्हटले. त्यात त्यांचा आवाज नव्हता हे प्रत्येकाला ऐकू येत होतं.

नंतर एका रविवारी मी त्यांच्या बहिणीला भेटायला भांडुपला गेले. कोकणनगरात एका खोलीचं घर, दारात तुळस, आत सगळं लख्ख. बाई बुवांसारख्याच लहानखुऱ्या. त्यांनी मला सोलकढी दिली आणि टीव्ही लावलेलाच ठेवला. मालिका आमचीच होती. सुनेनं लावून दिली म्हणाल्या. ह्या उडत्या तबकड्यांचं काही समजत नाही, पण रोज थोडं बघते, दादा बोलतो ना. बघते म्हणाल्या तरी त्यांचे हात मेथी निवडत होते आणि कान तेवढे तिकडं होते. कप्तानाचं बोलणं आलं की हात थांबायचे.

मी बसले होते तेवढ्यात तो भाग आला. मीही तो पूर्ण चित्रात पहिल्यांदाच बघत होते. चंद्रावरची बाई विचारते, का आला नाहीस? सोनेरी दाढीचा कप्तान मान वर करतो. आणि आमच्या बुवांचा आवाज म्हणतो, मी परत येणार नाही हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

"खोटा बोलता हो," बाई म्हणाल्या.

मला आनंद झाला. म्हटलं, गोष्ट समजली तर यांना. मी विचारलं, कोण, कप्तान ना?

"खंयचो कप्तान? माझो भाव." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "शिमग्याक जावक बॅग भरून दारात ठेवलेली त्याणा. आवशीक हिरव्या काठाचा लुगडा घेतलेला. घडी मी घातलेली, माका म्हायत नाय?"

मग मेथी बाजूला ठेवून त्यांनी मला सांगितलं. दोघं भावंडं संध्याकाळच्या एसटीनं निघणार होती. दुपारी नाटकवाले आले. मुख्य नट आजारी पडला होता, काम बुवांना मिळत होतं, पहिल्यांदाच मुख्य काम. तू पुढं हो, मी उद्या येतो, असं त्यांनी बहिणीला सांगितलं. उद्याही प्रयोग लागला. बाई लुगडं घेऊन एकट्याच गेल्या. त्या नाटकाचे पुढं फार प्रयोग झाले नाहीत.

मी विचारलं, आईला त्यांनी हे कधी कळवलं नाही का? बॅग भरली होती ते?

"मी सांगितलंय ना. गेल्या गेल्या सांगितलंय. आवस काय रागावली नाय. दादाक वाटला, मी सांगितलंच नाय आसतला. कधी इचारल्यान नाय माका. आणि माका वाटला, तेका म्हायत आसा."

पडद्यावर कप्तान अजून मान खाली घालून उभा होता. पुढचं वाक्य यायला वेळ होता, तिथं मूळ नटानं मोठा विराम घेतलाय. बाई पुढं सरकल्या, अगदी टीव्हीजवळ, आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सांगावं तसं हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "दादा, लुगडा नेसलेली रे ती. होळीदिवशी नेसलेली. सगळ्यांका सांगी होती, झिलान धाडल्यान."